शालीच्या आधी विषय विचारू या

उजनीच्या काठावरच्या आमच्या गावांत कुणाच्या मुलीला किंवा मुलाला पीएच.डी. मिळाली की एसटी थांब्यावर फलक लागतो. ग्रामपंचायत शाल-नारळ देते, जमात हार घालते, शाळा पुष्पगुच्छ देते. बरे वाटते. ज्या घरांत मुलीला बारावीनंतर पुढे शिकवायचे की नाही यावर आजही चार-चार रात्री चर्चा चालते, त्या घरांना असा फलक हिंमत देतो.

पण एक गोष्ट नेहमी राहून जाते. प्रबंधाचा विषय काय होता, त्यातून काय सापडले, हे कुणी विचारत नाही. विषय 'आरोग्य संवाद' असेल तर पंचाईत आणखी मोठी. "मग इंजेक्शन देता येतं का?" हा पहिला प्रश्न! हे डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत. दवाखान्यात सांगितलेली गोष्ट घरापर्यंत का पोहोचत नाही, पोहोचली तर पटते का, आणि कुणी सांगितल्यावर पटते, याचा ते अभ्यास करतात. औषध असूनही माणूस का दगावतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच असते.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. 11 मार्च 1886 रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. राणी व्हिक्टोरियाने अभिनंदन केले, कोल्हापूर संस्थानाने रुग्णालयात नेमणूक दिली. काम सुरू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे 21. ही कहाणी आपल्याला पाठ आहे. पण त्यांचा प्रबंध कशावर होता? हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे बाळ दहा दिवसच जगले होते. ज्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, त्याच्याच जवळचा विषय त्यांनी निवडला. आपण त्यांना सन्मान भरभरून दिला, विषय मात्र विसरलो.

विषयाचा सन्मान कसा होतो, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. तो पीएच.डी.चा प्रबंध नव्हता, पण संशोधन कसदार होते. गावातल्याच बाईला शिकवले, तिने बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासले आणि आईला तिच्याच बोलीत समजावले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. 2011 पासून अशा घरभेटी देशभर आशा कार्यकर्तींच्या कामात आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई आपल्या दारात येते ती त्यामुळे. तिला उंबऱ्यावरून परत न पाठवता आत बोलावणे, बाळ तिच्या हाती देणे, हाही त्या संशोधनाचा सन्मानच आहे.

आता आपल्या पाण्याकडे या. भीमा नदीवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. क्षमता सुमारे 117 टीएमसी. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि भीमेतून याच जलाशयात येते. 'पाणी उकळून प्या' ही सूचना आपण वर्षानुवर्षे ऐकतो. मग का उकळत नाही? आठवीच्या मुलांना मी हा प्रश्न घरी विचारून यायला सांगितले. उत्तरे आली: गॅस महाग आहे, चव उतरते, एवढे पाणी गार कधी होणार. आणि एक उत्तर बऱ्याच घरांतून आले: "उकळलेलं पाणी आजारी माणसाला देतात."

नेमके हेच उत्तर पेरू देशातल्या लॉस मोलिनोस गावात मिळाले होते. तिथे आरोग्यसेविकेने दोन वर्षे घरोघर फिरून पाणी उकळायला सांगितले. 200 कुटुंबांपैकी फक्त 11 जणींनी ऐकले. तिथल्या समजुतीत उकळलेले पाणी रोग्याचे; धडधाकट माणसाने ते का प्यावे? एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने आपल्या 1962 च्या पुस्तकात ही हकीकत दिली, आणि आज जगभर ती शिकवली जाते. सेविका मेहनती होती, जंतूंबद्दल ती सांगत होती तेही खरे होते. फक्त समोरच्या बाईच्या मनात काय आहे हे आधी विचारायचे राहिले होते. (उकळल्याने जंतू मरतात, कारखान्यांची रसायने जात नाहीत, हेही घरात सांगून ठेवा.)

म्हणून पुढच्या सत्काराला एवढे करू या. हार घालण्याआधी संशोधकाला दहा मिनिटे द्या. काय विचारले, काय सापडले, आपण काय बदलावे, हे तिने साध्या मराठीत सांगावे. आमच्या अम्मी-खालांसाठी दखनीत सांगितले तर आणखी छान. ज्या बायकांनी चूल सोडून तिच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. प्रबंधात त्यांचाही वाटा आहे. निष्कर्षांचे एक पान मराठीत आणि उर्दूत छापून मशिदीच्या, शाळेच्या आणि उपकेंद्राच्या फलकावर लावा. खर्च शालीपेक्षा कमी येईल.

आणि घरात एखादी मुलगी म्हणाली, "मला लोकांना आरोग्याचं नीट कसं सांगायचं यावर संशोधन करायचंय," तर 'यात नोकरी कुठली?' आणि 'लग्नाचं वय?' या दोन प्रश्नांच्या आधी तिसरा विचारा: "बेटी, तुला शोधायचंय काय?" तिचा पहिला सत्कार तिथेच होईल.