कारा फरा

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. "आबा, तुम्ही काळ्याला 'कारा' का म्हणता?" मी हसलो खरा, पण मन खट्टू झालं.

मी साकोलीकडचा, जीभ झाडीबोलीची. वर्गात मात्र कुणी 'कारा फरा' म्हटलं की सगळ्यांसमोर 'काळा फळा' असं तीनदा म्हणवून घ्यायचो. एका मुलानं त्यानंतर वर्षभर हात वर केला नाही. ते अजून सलतं.

निवृत्तीनंतर मराठीच्या घडणीवरचं ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचं पुस्तक वाचलं. भाषेचे पूर्वज कसे शोधतात ते थोडं उमगलं. संस्कृत 'काल' म्हणजे वेळ, त्याचा मराठीत 'काळ' झाला. 'कल्य'चं प्राकृतात 'कल्ल' झालं आणि त्याचा आपला 'काल', म्हणजे कालचा दिवस. एकट्या ल चा ळ झाला, जोडाक्षरातला ल टिकला. हिंदीत पाहा : 'काला' आणि 'कल', दोन्हीकडे ल च. आमच्या झाडीत? 'कारा' आणि 'काल'. म्हणजे हिंदीत पुसलेला फरक आमच्या 'अशुद्ध' र नं जपला आहे! वऱ्हाडातला 'काया'ही तीच साक्ष देतो.

झाडीनंही काही हरवलंच. 'घर', 'चार' यांतला र सगळीकडे र आहे. आम्ही ळ त्याच्यात मिसळून टाकला. पण ळ तरी मुळातला कुठे? प्रमाण मराठीही बदलूनच झालेली.

जपानात असंच आहे. तिथे पाण्याला 'मिझु' म्हणतात. पण ओकिनावाकडच्या रयुक्यु बेटांवरच्या बोली ताडून अभ्यासक सांगतात, की मूळ शब्दात 'मि' नव्हे, 'मे' असावा. आठव्या शतकातल्या जपानी ग्रंथांतही न सापडणारी गोष्ट बेटांवरच्या लोकांच्या तोंडी राहिली. आणि त्याच ओकिनावात शाळेत बोलीतून बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शिक्षेची लाकडी पाटी अडकवत. वाचून मला माझा वर्ग आठवला. माझ्याकडे पाटी नव्हती, एवढंच.

प्रमाण मराठी शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी यांना ती लागतेच. पण "हे चूक" म्हणण्याऐवजी "पुस्तकात असं लिहितात, घरी आपण असं म्हणतो" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

नातीला सांगितलं, "बेटा, माझा र म्हातारा आहे, चुकलेला नाही."

तुमच्या घरी आजी कुठला शब्द वेगळा म्हणते? लिहून ठेवा.