पिवळे डोळे आणि सेकंड लाइनची गोळी

“ताई, मला कावीळ झालीय,” म्हणत ती समोर बसली, तेव्हा तिच्या डोक्यावर काविळीची माळ होती. गावातल्या एकाकडून पाला आणून तीन आठवडे प्यायली होती. तेवढे दिवस अटॅझानावीर-रिटोनावीरच्या गोळ्या डबीत तशाच पडून होत्या. आधी कावीळ उतरू दे, मग ती गोळी, असं सासूनं बजावलेलं.

एचआयव्हीच्या एआरटी सेंटरवर समुपदेशक म्हणून बारा वर्षं काम करते आहे. मला राग त्या बाईचा आला नाही, आमचाच आला. गोळी बदलून देताना तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हिनं डोळे पिवळे होऊ शकतात.

सेकंड लाइनमधलं अटॅझानावीर हे प्रोटीएज इनहिबिटर. एचआयव्ही पेशीत शिरून प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या बनवतो, मग प्रोटीएज नावाच्या कात्रीनं त्या कापून नवे विषाणू जुळवतो. औषध ती कात्रीच अडकवतं. विषाणू बाहेर पडतात, पण कच्चे. त्यांच्यानं पुढची पेशी धरवत नाही. हेच औषध यकृतातलं एक एन्झाइमही दाबतं, बिलिरुबिन साठतं आणि डोळे पिवळे दिसतात. खरी कावीळही असू शकते, म्हणून रक्त तपासायचंच. हिचा एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, नॉर्मल आला.

सरकारनं 2008 साली मुंबई आणि चेन्नईत सेकंड लाइन, म्हणजे दुसऱ्या फळीची औषधं, मोफत सुरू केली. त्याआधी पहिली औषधं हरली की गरिबाला पुढे वाट नसे. अशी मिळालेली गोळी पिवळ्या रंगाच्या भीतीनं सुटावी, हे मला सहन होत नाही. मधेच सोडलेल्या औषधाला विषाणू सरावतो, आणि पुढे औषधं मोजकीच उरतात.

ॲसिडिटीच्या गोळीबद्दलही असंच कुणी सांगत नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल घेतलं की अटॅझानावीर नीट शोषलं जात नाही. मेडिकलवाला विचारत नाही. पेशंट तरी कसा सांगणार? काउंटरवर गावातले चार जण उभे असतात.

डॉक्टरांना आणि माझ्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगते, पहिली डबी हातात देतानाच डोळ्यांबद्दल आणि ॲसिडिटीबद्दल बोला. आणि ही गोळी घेणाऱ्यांनो, डोळे पिवळे दिसले तर मनानं गोळी थांबवू नका. लोक विचारून हैराण करत असतील तर तेही सांगा, औषध बदलून देता येतं. त्याच दिवशी सेंटरला या, येताना डबी घेऊन या.