पिस्तुलाच्या मागची इमारत

टीव्हीवर गुंडांचा सिनेमा लागला की आपण बहुतेक जणी चॅनेल बदलतो. ‘काय मेली ती मारामारी!’ म्हणतो. पण मैत्रिणींनो, मला वाटतं हे सिनेमे आपण बघावेत. फक्त पिस्तुलाकडे न बघता मागच्या चाळींकडे, इमारतींकडे बघावं. खरं राजकारण तिथेच असतं.

१९७५चा ‘दीवार’ आठवा. आई दोन मुलांना घेऊन मुंबईत येते, पुलाखाली राहते, बांधकामावर विटा वाहते. पुढे स्मगलर झालेला मुलगा तीच इमारत विकत घेतो. का, तर आईने तिथे विटा वाहिल्या होत्या! जी बाई शहर उभं करते, तिला त्याच शहरात सरळ मार्गाने जागा मिळत नाही, हे त्या एका प्रसंगात कळतं.

१९९९च्या ‘वास्तव’मधला रघू चाळीतला, पावभाजीचा धंदा करणारा पोरगा. शेवटी आईच त्याला गोळी घालते. रीमाताईंचं ते काम बघून डोळ्यांत पाणी येतं, पण मला रागही येतो. वापरलं त्याला मंत्र्याने, आणि हिशेब चुकता करायचा आईने?

२०१०च्या ‘लालबाग परळ’ने मात्र नेमका प्रश्न विचारला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. चुली विझल्या, पोरं वाया गेली, गिरण्यांच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला.

आमच्या रोडपालीत गिरण्या नव्हत्या, पण इथेही प्रश्न जमिनीचाच. १९७०मध्ये सिडको आली, नवं शहर वसवायला या पट्ट्यातली शेती घेतली गेली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क मिळाला. पण जमिनीचे पैसे किती पिढ्यांना पुरणार? हाताला काम नसलेल्या पोराला मग कुणीतरी ‘भाऊ’ हेरतोच. तुमच्या गावातही बायपास, एमआयडीसी आली असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

पोरगा बिघडला की ‘आईचं लक्ष नव्हतं’ म्हणणं सोपं असतं. त्याआधी विचारूया: जमीन कुणाकडे गेली, काम कुठे गेलं, आणि पोराच्या हातात हत्यार आल्यावर फायदा कुणाचा झाला? निवडणुकीत हात जोडून दारात येणाऱ्याला एवढं विचारायला काय हरकत आहे?