फोटो पाठवा, गुरुजी!

आपल्या प्राथमिक शाळांत हल्ली एक गोष्ट सोडून सगळं वेळच्या वेळी होतं. परिपाठ होतो, हात धुतले जातात, खिचडी शिजते, योगासनं होतात, झाडं लावली जातात (दरवर्षी त्याच खड्ड्यात), वाचन दिन साजरा होतो, आणि या सगळ्याचे फोटो दुपारच्या आत केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पडतात. राहून जातं ते फक्त पोराजवळ बसून त्याचं वाचन ऐकणं. त्याचा फोटो चांगला येत नाही हो. एक पोरगं अडखळत वाचतंय, शेजारी मास्तर मांडी घालून बसलाय आणि मागे बाकीचा वर्ग कालवा करतोय. असला फोटो टाकला तर खाली अंगठा यायचा नाही, नोटीस यायची.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मास्तरकी केली. आता पेन्शन खातो, म्हणून मोकळं बोलतो. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी हे वाचून मनातल्या मनात मान हलवावी, पुढे पाठवायच्या भानगडीत पडू नये.

आधी हिशोब मांडतो, मास्तराची खोड आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. वाटणी केली तर प्रत्येकाच्या पदरात तीस पोरं, तीही दोन-तीन इयत्तांची, एकाच खोलीत. २४० भागिले ३०. एका लेकराच्या वाट्याला आली आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांत मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, आणि 'याने माझी पेन्सिल घेतली' या खटल्याचा निकालही. सरकार शिक्षणावर जे काही कोटी खर्च करतं ते शेवटी या आठ मिनिटांसाठी. आणि त्या आठांतली सहा सरकारच परत काढून घेतं.

कशी काढतं ते बघा. सकाळी हजेरी झाली की जेवणाऱ्यांचा आकडा ऑनलाइन भरायचा. माणशी शंभर ग्रॅमने तांदूळ मोजायचा, साठा नोंदवहीत उतरवायचा. खिचडी चाखायची आणि चव नोंदवहीत 'चव चांगली' असं लिहून सही ठोकायची. मी इतक्या वेळा 'चव चांगली' लिहिलं आहे की बायकोने आमटी कशी झाली विचारलं तरी हात खिशातल्या पेनाकडे जातो. आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, तर २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद, म्हणे लोकसहभागातून द्या. लोकसहभाग म्हणजे मास्तराने गावात फिरून कुणाचा वाढदिवस कधी आहे ते शोधायचं.

मग माहिती भरायची पोर्टलं. आधी यू-डायस. मग सरल. मग प्रत्येक पोराचा 'अपार' आयडी. आधारवर नाव एक, जनरल रजिस्टरला दुसरं, बापाच्या कार्डावर आडनावच तिसरं. ते जुळवत मास्तर अर्धा हिवाळा मोबाइलला रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढलेला. हे नुसतं कागदाचं काम असतं तर सोसलं असतं. पण शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणारी संचमान्यताच आधार जुळलेल्या पोरांवर मोजायला लागले. पोरगं समोर बसलंय, पाटीवर गिरवतंय, नाक पुसतंय, मला दिसतंय. पोर्टलला दिसत नाही. म्हणून ते नाही. त्याच्या वाट्याचा मास्तरही नाही. हा वेदान्त आम्हाला डी.एड.ला शिकवला नव्हता.

त्यात मतदार यादीचं काम. घरोघर फिरून कोण मेलं, कोण लग्न होऊन गेली याची नोंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला बाहेरची तीनच कामं सांगता येतात: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक. तीनच. बाकी सगळं या तिघांची नातेवाईक म्हणून आत शिरतं. ओरड फार झाली तेव्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने शैक्षणिक काम कुठलं आणि अशैक्षणिक कुठलं याची वर्गवारी केली. छान केलं. पोर्टलं भरणं पुन्हा शैक्षणिक बाजूलाच राहिलं. माहिती भरणं म्हणजे शिकवणं, असं एकदा ठरवून टाकलं की तक्रारच मिटते.

आणि या सगळ्याच्या वर कडी म्हणजे २०२२ चा तो फोटोचा हुकूम. 'आपले गुरुजी' नावाखाली प्रत्येक वर्गात शिक्षकाचा ए-फोर आकाराचा रंगीत फोटो लावायचा. कारण काय, तर खरे शिक्षक बसून पगार घेतात आणि वर्गावर भाडोत्री माणूस पाठवतात. असे महाभाग होते, नाही म्हणत नाही. मग त्यांना पकडा की! पगाराची शीट तुमच्याकडे, अधिकारी तुमचे, गाडी तुमची. ते जमलं नाही म्हणून सगळ्यांनाच भिंतीवर टांगलं. गुरुजी यादी घेऊन गावात, बाई प्रशिक्षणाला तालुक्यात, आणि वर्गात दोघांचे फोटो पोरांवर लक्ष ठेवून आहेत.

आता आमच्या जिल्ह्याच्या अभिमानाची गोष्ट. माढा तालुक्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले तिथे २००९ साली रुजू झाले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. सगळा महाराष्ट्र हारतुरे घेऊन धावला. धावायलाच पाहिजे होतं. पण त्या पुरस्काराच्या प्रशस्तीत काय लिहिलंय ते किती जणांनी वाचलं? त्यात क्यूआर कोड आहे, बरोबर. पण त्याच वाक्यात त्याच्या आधी असं आहे की या शिक्षकाने पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत नेली. व्यवस्थेने त्या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा उचलला. राज्यभरच्या पुस्तकांवर चौकोनी कोड तर पुरस्काराच्या आधीच छापून आले होते. बहुतेक पोरांच्या घरी तो उघडायचा फोन असतो बापाच्या खिशात, आणि बाप उसाच्या फडावर. पूर्वार्ध कुणी उचलला नाही, कारण त्याला छापखाना पुरत नाही, बसावं लागतं.

खुद्द डिसल्यांचं पुढे काय झालं? २०२२ च्या जानेवारीत फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जायची रजा अडली. शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जुलैत गैरहजेरीच्या चौकशीवरून त्यांनी राजीनामा दिल्याची बातमी आली. चूक कुणाची, याच्यात मी पडत नाही. रजेचे नियम सगळ्यांना सारखे, हे मीही मानतो. मला एवढंच दिसलं की ज्या माणसाबद्दल सगळ्या जगाने 'याने कसं शिकवलं' असं विचारलं, त्याच्याबद्दल आपण 'तो त्या दिवशी कुठे होता' एवढंच विचारलं. ते आपल्याला मोजता येतं ना.

मघाशी मातृभाषेचं निघालं होतं, तर थांबतो तिथे जरा, कारण सोलापुरात खरी मेख इथेच आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरात कानडी. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली घरांमध्ये तेलुगू. तांड्यावर गोरमाटी. गल्लीत उर्दू किंवा दखनी. महापालिकेच्या शाळा एकेकाळी मराठी, उर्दू, कानडी, तेलुगू अशा चार माध्यमांत भरल्या, हे या गावाचं वैभव. पहिलीत येणारं पोर दोन भाषा खेळता खेळता बोलतं. आणि वर्गात पहिल्या दिवशी ते गप्प बसलं की आपण ठरवतो, डोकं कमी आहे. यू-डायसमध्ये मातृभाषेचा रकाना आहे, तो आम्ही न चुकता भरतो. भरून झाल्यावर त्या माहितीचं कुणी काही केलेलं मी पाहिलं नाही. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा शासन निर्णय निघाला, बदलला, जूनअखेरीस रद्द झाला. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी भाषेवर जीव ओवाळून टाकला. घरची तेलुगू आणि शाळेची मराठी यांच्यामध्ये लटकलेल्या पोराचं नाव त्या सबंध भांडणात एकदाही आलं नाही.

माझ्याकडे तिसरीत अशीच 'डोकं कमी' ठरवलेली एक मुलगी होती, विडी कामगार आईची. हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल चावत बसायची. तिच्या नावापुढच्या रकान्यात 'प्रगती असमाधानकारक' असं आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेलं. एकदा दुपारी जेवणानंतर तिला सहज विचारलं, आई दिवसाला किती वळते? हजार, कधी सातशे. मग जुड्या किती बांधतेस? पंचवीस विड्यांची जुडी, हजाराच्या चाळीस. कुठल्याही कागदाशिवाय! सातशेच्या? अठ्ठावीस. आठशे पन्नास झाल्या तर हजाराला किती कमी? सहा जुड्या, गुर्जी. ही वजाबाकीच होती, आणि हातच्यासकट होती. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत. हजाराच्या भावाने मजुरी मोजणाऱ्या या घरांत गणित खरं तर उंबऱ्यावरच बसलेलं असतं. त्या मुलीबरोबर मी बसलो ते किती वेळ? जेवण झाल्यावरची मोकळी पंधरा मिनिटं. त्या दिवशी स्टॉक रजिस्टर राहिलं. पुढच्या भेटीत साहेबांनी रजिस्टर पाहिलं आणि विचारलं, ''गुरुजी, दुपारी करता काय तुम्ही?'' मी सांगितलं, वजाबाकी शिकवत होतो. ते म्हणाले, ''ते ठीक आहे, पण रेकॉर्ड?''

रेकॉर्डवरून आठवलं, वर्णनात्मक नोंदी. सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कल्पना खरोखर सुंदर होती. प्रत्येक मुलाचं वेगळेपण शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहायचं. बाजारात त्याची तयार पुस्तकं आली. मग पीडीएफ आले. 'चर्चेत सहभाग घेतो', 'इतरांना मदत करतो', 'सुंदर अक्षर काढण्याचा प्रयत्न करतो'. सातबाऱ्यावरच्या नोंदी या मानाने जास्त चुरचुरीत असतात. एका वर्गातली तीस वेगवेगळी पोरं आणि त्यांच्या नोंदी एकाच पानावरून उतरवलेल्या. हे मंत्रालयाने केलं नाही बरं का, हे आपण केलं, मास्तरांनी.

होय, इथे आपल्या जातभाईंनाही सोडणार नाही. पोर्टलांचा जाच खराच, पण त्या जाचाच्या आड दडून बसलेलेही कमी नाहीत. वर्गात शिकवायला लागू नये म्हणून 'ऑनलाइन काम आहे' ही सबब पुढे करणारे मी पाहिलेत. बदलीसाठी जेवढी धावपळ, तेवढी फळ्याजवळ कधी दिसली नाही. स्वतःची पोरं शहरातल्या इंग्रजी शाळेत, आणि गावात भाषण मराठी शाळा वाचवायचं. ग्रुपवर फोटो टाकायचा हुकूम वरून आला, पण त्या फोटोत मध्यभागी उभं राहायची हौस खालची होती. पोरं कडेला, हातात झाडू.

आणि सरकारने तरी धोरण किती वेळा फिरवावं! पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले, मध्ये नोंदींसाठी कोरी पानं घातली, वह्यांचा खर्च वाचेल म्हणे. दोन वर्षांत ती पानं गेली. २०२४ ला 'एक राज्य, एक गणवेश' आलं. पंधरा ऑगस्ट उलटून गेला तरी कित्येक शाळांत कपडे नाहीत, आले तर दुसरीच्या पोराला चौथीचा सदरा. डिसेंबरमध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. या प्रत्येक फेरीत माहिती कुणी भरली? मापं कुणी घेतली? परत माहिती कुणी भरली?

तिकडे 'निपुण भारत'ची मुदत आहे २०२६-२७. तोवर तिसरीपर्यंतच्या प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे, साधी गणितं आली पाहिजेत. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभरांतल्या तेवीस-चोवीस पोरांना दुसरीचा उतारा वाचता आला. आधीपेक्षा आकडा वाढलाय, आणि ती वाढ ज्यांनी केली त्या बाया-गुरुजींना माझा दंडवत. पण उरलेल्या शहात्तरांचं काय करायचं, तर त्यांचा स्तर पोर्टलवर भरायचा. स्तर ठरवायला पोराला वाचायला लावावं लागतं, आणि तेवढ्याला वेळ नसेल तर अंदाजाने भरला जातो. मग जिल्ह्याचा तक्ता हिरवा होतो. हिरव्या तक्त्याचं सादरीकरण होतं. सादरीकरणाचा फोटो येतो.

मला कुणी विचारणार नाही, तरी सांगतो. दिवसाचे पहिले दोन तास शाळेकडून कुणीही काहीही मागू नये. आकडा नको, लिंक नको, फोटो नको. जेवणाचा आकडा जेवणानंतर भरला तर तांदूळ उगवून येत नाही. केंद्रप्रमुख शाळेवर आले तर त्यांनी खुर्ची न मागता चार पोरांचं वाचन ऐकावं आणि त्या चौघांची नावं आपल्या वहीत लिहून न्यावीत. पुढच्या खेपेला त्याच चौघांना बोलवावं. याला निधी लागत नाही, जीआरही लागत नाही. याचं उद्घाटन करता येत नाही, ही एवढी उणीव आहे खरी.

आता जनगणना आलीये. आधी घरांची यादी, मग २०२७ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी. हे काम कलम २७ मध्ये बसतं, देशाचं आहे, मास्तर करतील, आजवर करत आलेत. माझी हरकत नाही. फक्त आमच्या जिल्ह्यात दोन शिक्षकी शाळा गावोगाव पसरल्या आहेत. तिथे एकाच वेळी दोघांनाही आदेश निघाला, तर त्या दिवसांत वर्गावर कोण बसणार त्याचं नाव आदेशाच्या त्याच कागदावर टाका, आणि कागद निघायच्या आधी गावाला कळवा.