भाडं तुमचं, वारा कुणाचा?

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. विषय तुमच्यापैकी बहुतेकांना परका वाटेल: छोट्या विमानाचं इंजिन हँगरमध्ये चालू करावं की नाही? माझं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण ज्यांच्याशी भांडण आहे ती माणसं एका शब्दाने ऐकणारी नव्हेत, म्हणून हे लांबण.

नातेवाइकांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. आमचे जावई ओहायोत एका जुन्या सेस्ना १७२ विमानाच्या चार मालकांपैकी एक आहेत. (तुमच्या वाट्याला पंख आला की शेपूट, असं आमच्या ह्यांनी फोनवर विचारून घेतलं होतं.) गेले चार महिने मी लेकीकडे आहे, आणि दर शनिवारी आमची वरात त्या छोट्या विमानतळावर जाते. हँगर म्हटल्यावर मुंबईच्या विमानतळावरची अवाढव्य शेड डोळ्यांपुढे आणू नका. इथले हँगर म्हणजे पत्र्याच्या चाळी. प्रत्येक खोली इंग्रजी टी अक्षरासारखी. रुंद भागात पंख, निमुळत्या भागात शेपूट. एक विमान इकडे तोंड करून, त्याच्या पाठचं तिकडे, अशी एकात एक बसवलेली. मधे पातळ पत्रा, वर छप्पर एकच. समोर डांबरी बोळ आणि बोळापलीकडे तशीच दुसरी चाळ. चाळीत राहिलेल्यांना पुढचं सगळं समजेल.

मागच्या महिन्यात शेजारच्या एका गृहस्थांनी आपलं विमान आतच चालू केलं आणि इंजिनाच्या जोरावर बाहेर काढून बोळात वळवलं. वळताना शेपूट आमच्या उघड्या दाराकडे. जावयांचे एक भागीदार शिडीवर उभे राहून पंखाचा वरचा भाग पुसत होते. तेल बदलायला म्हणून इंजिनाचं झाकण काढलेलं होतं. नात जमिनीवर खडूने चित्र काढत होती. दोन-चार सेकंदांत बोळातली सगळी खडी आणि धूळ आत. शिडी हलली, माणूस पंखाला धरून राहिला म्हणून पडला नाही. नातीच्या डोळ्यांत माती. जावई नंतर त्यांच्याशी हसतहसत बोलायला गेले, तर उत्तर मिळालं, "मी माझ्या जागेचं भाडं भरतो."

भाडं भरता ना, मग जागेचं भरता. वाऱ्याचं नाही. प्रोपेलरचं कामच मुळी हवा मागे फेकणं. नुसतं रेंगाळत असलं तरी मिनिटाला सातशे-हजार फेरे, आणि जोर दिला की २७०० पर्यंत, म्हणजे सेकंदाला ४५. ती हवा कुठल्या खोलीचं भाडं कोण भरतो हे विचारत नाही. त्यातून हलकी विमानं खरोखर हलकी असतात. शेजाऱ्याचं उघडं दार, न बांधलेलं सुकाणू, वर उचलून ठेवलेली काच या झोताने आपटतात, वाकतात. आणि खडी पुढूनही ओढली जाते. प्रोपेलरच्या पात्याला बारीकशी खाच पडली, तरी तिथून धातूला तडा जाऊ शकतो, म्हणून मेकॅनिक त्या खाचा शोधून घासून काढतात. म्हणजे आत इंजिन लावणारा स्वतःचंही नुकसान करतो. पण ते त्याचं त्याने बघावं.

धुराचं बघा. या इंजिनांना आपल्या मोटारींना असतो तसा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, आणि जमिनीवर असताना त्यात पेट्रोलचं प्रमाण भरपूर ठेवलेलं असतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. २०१९ साली फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या छोट्या विमानाच्या अपघातात गेला, त्या अपघाताच्या तपासात त्याच्या रक्तात याच वायूचं प्रमाण ५८ टक्के सापडलं होतं. तो प्रकार उडत्या विमानातला होता हे मान्य. पण तेही याच जातीचं, पिस्टनचं इंजिन होतं. "दार उघडं असतं हो" हे उत्तर मला पुरत नाही. एका बाजूने उघडी पत्र्याची खोली म्हणजे मैदान नव्हे, आणि पत्र्याच्या फटीतून पलीकडे कोण बसलं आहे हे तुम्हाला दिसत नाही. शिवाय या इंधनात अजून शिसं असतं. त्याचं नाव १०० एलएल, म्हणजे 'लो लेड'. कमी म्हणायचं तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत चालतं. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं अमेरिकेत १९९६ पर्यंत आणि भारतात २००० पर्यंत गेलं. विमानांचं २०३० च्या अखेरीपर्यंत घालवायचं ठरलं आहे. तोवर निदान ते चाळीत तरी सोडू नका.

आगीचं तर बोलायलाच नको, पण बोलते. थंडीत इंजिन लवकर पेट घेत नाही, म्हणून लोक सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल आत सोडतात. मग एखादा उलटा भडका उडाला की कार्बोरेटरपाशी ज्वाळा. अशा वेळी स्टार्टर फिरवत राहून ज्वाळा आत ओढून घ्यायच्या असतात. ते मोकळ्या जागेत जमतं. हँगरमध्ये कोपऱ्यात थिनरचे डबे, तेलकट बोळे, पुठ्ठ्याची खोकी. पंखांत दीड-दोनशे लिटर पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरून राहते. आणि छप्पर सगळ्यांचं एक.

आता सबबी. चाळीस वर्षं शाळेत सबबी ऐकल्या आहेत, त्यामुळे ओळखीच्या वाटतात. पहिली: "दोनच मिनिटं." दोन मिनिटं तुमची, शिडीवरच्या माणसाला दोन सेकंद पुरतात. दुसरी: "बाहेर थंडी आहे." मग इंजिन गरम करायचे विजेचे हीटर मिळतात, ते इंजिन बंद ठेवून आतच लावता येतात, आणि तेल गरम झालं की विमान बाहेर ढकलायचं. कडाक्याच्या थंडीत थेट चालू करण्यापेक्षा ते इंजिनालाही बरं. तिसरी: "तीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही." यावर मी वर्गात काय म्हणत असे ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

चौथी सबब मात्र मला खरी वाटते: पाठ दुखते. सत्तरीच्या माणसाने एकट्याने टो-बार धरून विमान ओढायचं म्हणजे सोपं नाही, विशेषतः उंबऱ्यावर बर्फ गोठलेला असताना. यासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या ओढगाड्या असतात, पण त्या महाग. म्हणून इथे शेजाऱ्यांचंही काही देणं लागतं. समोरचा म्हातारा विमान बाहेर काढतो आहे हे दिसल्यावर हातातली कॉफी खाली ठेवून पंखाच्या आधाराला हात लावायला काय जातं? आमचे जावई लावतात, हे कौतुकाने सांगते.

आणखी एक मला खटकतं ते म्हणजे आरोळी. चालू करण्याआधी "क्लिअर प्रॉप!" असं ओरडायचा रिवाज आहे. चांगला रिवाज आहे. पण लोक आरोळी आणि चावी एकाच श्वासात उरकतात. दाराची कडी वाजवायची आणि उत्तराची वाट न बघता आत शिरायचं, त्यातलाच प्रकार. लाल दिवा लावा, ओरडा, डावी-उजवीकडे बघा, थांबा, आणि मग चावी. हँगरच्या आत बसून ओरडलेलं पलीकडच्या पोराला ऐकूच येत नाही, आणि फिरता प्रोपेलर डोळ्यांना दिसत नाही. बंद प्रोपेलरचाही भरवसा धरू नये म्हणतात. त्याची ठिणगी मॅग्नेटोची असते, तिला बॅटरी लागत नाही. एक तार तुटलेली असली तर चावी बंद असूनही हाताने फिरवलेला प्रोपेलर एकदम झटका देतो. नातीला मी सांगून ठेवलं आहे, त्या पात्याला हात लावायचा नाही. ती ऐकते. मोठ्यांचं काय?

कायदाही आहे बरं. अमेरिकेच्या विमान नियमांत ९१.१३ हे कलम आहे. उडत नसताना, विमानतळाच्या जमिनीवरसुद्धा, बेफिकिरीने दुसऱ्याचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात घालायची नाही असं त्यात आहे. आणि बऱ्याच विमानतळांच्या नियमावलीत हँगरमध्ये इंजिन चालू करायला सरळ मनाई असते. पण माझा राग त्या गृहस्थांवर जेवढा आहे, तेवढाच आपल्या लोकांच्या गप्प बसण्यावर आहे. "आई, आपण इथे बाहेरचे. कशाला वाईटपणा घ्या?" असं जावई म्हणतात. वीस वर्षं त्या गावात कर भरता, घर आहे, मुलगी तिथल्या शाळेत जाते. मग बाहेरचे कसले? पुण्यात आमच्या वाड्याच्या बोळात कुणी बुलेट चालू ठेवून चहा प्यायला गेला, तर वरच्या मजल्यावरून चार बायका एकदम ओरडायच्या. त्यात वैर नव्हतं. संध्याकाळी तोच माणूस पाणी भरायला मदत करायचा.

लेकीने विमानतळाची नियमावली छापून आणली आहे. त्या मनाईच्या ओळीखाली मी लाल पेनने रेघ मारली आहे (सवय जात नाही). जावयांनी ती शेजाऱ्याला हातात द्यावी, की नुसती आपल्या दारावर चिकटवावी, यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. मी हातात द्यावी या बाजूची आहे, आणि शनिवारी बरोबर जाणार आहे.