सांगायचं केव्हा, ते आपण ठरवू



परवा दुपारी सासूबाईंना अळूवड्यांची कृती बघायची होती, म्हणून माझा फोन त्यांच्या हातात दिला. वड्या राहिल्या बाजूला, पडद्यावर आली गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची जाहिरात! "हे कुणाचं गं?" त्यांनी विचारलं आणि माझा चेहरा खर्रकन उतरला. दोन महिने पाळीचा त्रास होत होता. चार दिवसांपूर्वी मी फोनवर 'गर्भाशयातल्या गाठी' शोधलं होतं. अजून यांनाही बोलले नव्हते.

सासूबाई समजूतदार. "उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," म्हणाल्या. पण कुणाला, केव्हा सांगायचं हे मी ठरवायला हवं होतं ना? ते फोननंच ठरवून टाकलं.

असं का होतं? वाण्याची उधारीची वही आठवा. आपण काय नेलं ते तो लिहून ठेवतो. नेहमीची बरीच सर्च इंजिनं अशीच वही ठेवतात. आपण पैसे देत नाही, पण या नोंदींवरून जाहिराती दाखवून त्यांची कमाई होते.

वही न ठेवणारेही आहेत बरं का! 'डकडकगो' हे २००८ साली अमेरिकेत सुरू झालेलं सर्च इंजिन. जाहिराती तिथेही असतात, पण त्या वेळी शोधलेल्या शब्दावरून. कढई शोधली तर कढईची, एवढंच. नेदरलँड्सचं 'स्टार्टपेज' गुगलकडून उत्तरं आणून देतं, पण विचारणारी कोण, ते तिकडे कळवत नाही. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' असं सदर असतं, तिथे बदल करता येतो. यादीत नाव नसेल तर डकडकगोचं ॲप घ्यावं.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फोनमधली 'हिस्ट्री' आपोआप जात नाही. फोन घरात चौघांच्या हाती जात असेल तर ती आपणच पुसायची. आणि शोधातून एखादं संकेतस्थळ उघडलंत, की ते स्वतःची वही उघडू शकतं.

दवाखान्याला निघताना नकाशाचा विचार आला. कुठे गेलो, किती वेळ थांबलो, याची नोंद नकाशाचं ॲपही ठेवू शकतं. म्हणून मी 'ऑरगॅनिक मॅप्स' हे फुकट मिळणारं ॲप घेतलं. घरीच आपल्या भागाचा नकाशा उतरवून घ्यायचा, मग इंटरनेट बंद असलं तरी रस्ता दिसतो. त्यातला नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'चा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेलं हे काम जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलं. उणीव म्हणाल तर लहान गावातली एखादी गल्ली, एखादं दुकान त्यात सापडत नाही, आणि कुठे गर्दी आहे तेही कळत नाही. मी पत्ता आधी नीट विचारून घेते.

सगळंच एकदम बदलायला नको. अळूवड्या हव्या तिथे शोधा. दुखण्याखुपण्याचे, पैशाअडक्याचे, मनातले प्रश्न तेवढे वही न ठेवणाऱ्याला विचारा.

आणि हो, फोनपासून लपवलं तरी डॉक्टरांपासून काही लपवू नका. माझ्या गाठी लहान आहेत, गोळ्या चालू आहेत. त्याच संध्याकाळी यांनाही सांगितलं, माझ्या तोंडानं.