चेहऱ्यासाठी घेतलेली गोळी

मराठीत मुरमांना ‘तारुण्यपीटिका’ असा एक भारदस्त शब्द आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी चेहऱ्यावर येणारे आणि विशी ओलांडताच आपोआप जाणारे पुटकुळ्यांचे पीक, एवढाच अर्थ त्या शब्दात गृहीत धरलेला आहे. सुश्रुतसंहितेत या विकाराला ‘मुखदूषिका’ म्हटले असून त्या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. आणि त्याची गणना झाली आहे ती ‘क्षुद्ररोगां’त. वर्गीकरणाच्या सोयीसाठी दिलेले ते नाव समाजाने मात्र शब्दशः घेतले. मुरूम हा वयाचा खेळ, त्याचा बाऊ कशाला करायचा, हीच त्या विकाराकडे पाहण्याची आपल्याकडील रूढ रीत आहे.

वस्तुस्थिती अशी की, तारुण्यपीटिका तारुण्याबरोबर निरोप घेतातच असे नाही. पंचविशीनंतर, तिशीत आणि क्वचित चाळिशीतही स्त्रियांच्या हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि मानेवर दुखऱ्या गाठी येत राहतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या वाढतात, बऱ्या होताना काळे डाग आणि खड्डे मागे ठेवतात. बत्तीस वर्षांच्या शिक्षिकेला रोज पन्नास विद्यार्थ्यांसमोर उभे राहावे लागते. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या स्त्रीला दर दहा मिनिटांनी नवा चेहरा सामोरा येतो. ‘अगं, काहीतरी लाव ना तोंडाला’ हा सल्ला त्यांना सहकाऱ्यांपासून शेजारणींपर्यंत सर्वांकडून न मागता मिळतो. मुलगी लग्नाची असेल, तर सल्ल्याची जागा घाई घेते. ज्या घरात हा विकार एरवी क्षुल्लक ठरतो, त्याच घरात स्थळ येण्याच्या सुमारास तो एकाएकी गंभीर होतो.

अशा वेळी मलमे आणि प्रतिजैविके वापरून झाल्यावर संप्रेरकांवर काम करणाऱ्या औषधांची पाळी येते. ही औषधे निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. त्वचेतील तैलग्रंथींना चेतवणारी अँड्रोजेन वर्गातील संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही असतात. गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनमुळे रक्तातील मुक्त अँड्रोजेनचे प्रमाण घटते. सायप्रोटेरोन किंवा ड्रॉस्पिरेनोनसारखी द्रव्ये त्याच्या कार्यालाच अटकाव करतात. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात रक्तदाबासाठी आणि अंगावरची सूज उतरवण्यासाठी वापरले जाणारे मूत्रल औषध. ते घेणाऱ्या काही पुरुषांच्या छातीची वाढ होते असे दिसले आणि त्याचा अँड्रोजेनविरोधी गुण ध्यानात आला. एका रोगातला हा दुष्परिणाम दुसऱ्या रोगात उपचार ठरला. अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून गोळीला १९६० साली मान्यता मिळाली; मुरमांवरील उपचार म्हणून तशाच एका गोळीला तेथे १९९७ साली मान्यता मिळाली.

उपयोगाचा पुरावाही उपलब्ध आहे. इंग्लंड आणि वेल्समधील ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांची त्वचा, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. आणि हा फरक बाराव्या आठवड्यापेक्षा चोविसाव्या आठवड्याला अधिक स्पष्ट होता. वर्षानुवर्षे आरशाकडे पाठ फिरवून बसलेल्या स्त्रीला अशा औषधाने पुन्हा मोकळेपणाने लोकांत वावरता आले, तर त्याला नटण्यामुरडण्याची हौस म्हणून हिणवणे हा शुद्ध अन्याय होय.

परंतु प्रश्न औषध चांगले की वाईट, असा नाहीच. शरीराच्या एका कोपऱ्यातील दोषासाठी सर्व शरीरभर फिरणारे द्रव्य घेताना, घेणाऱ्या व्यक्तीला त्याचा संपूर्ण हिशोब सांगितला जातो काय, हा खरा प्रश्न आहे.

त्या हिशोबात पहिल्या ओळी असतात त्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींच्या. गर्भनिरोधक गोळीने मळमळते, स्तन दुखतात, डोके दुखते, पाळी नसताना मध्येच रक्तस्राव होतो, काहींचा रक्तदाब वाढतो. काहींच्या गालांवर वांग उमटतात. मुरूम जावेत म्हणून घेतलेल्या गोळीने वांग द्यावेत, याला दैवदुर्विलास म्हणायचे की अपुऱ्या माहितीचा परिणाम, हे ज्याचे त्याने ठरवावे. स्पायरोनोलॅक्टोनने पाळी अनियमित होते, चक्कर येते, वरचेवर लघवीला जावे लागते. वर उल्लेखिलेल्या चाचणीत डोकेदुखीची तक्रार औषध घेणाऱ्यांत २० टक्के, तर न घेणाऱ्यांत १२ टक्के होती. शाळेत तासामागून तास घेणाऱ्या किंवा लोकलच्या गर्दीत दीड तास उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत वारंवार लघवी आणि चक्कर या बाबी किरकोळ राहत नाहीत.

शिवाय हे औषध शरीरातील पोटॅशियम वाढवू शकते. निरोगी तरुण स्त्रीला त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनात तर अशा स्त्रियांच्या बाबतीत पोटॅशियमची नियमित तपासणी गरजेची मानलेली नाही. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी. तिच्या बाबतीत नेहमीचे शहाळ्याचे पाणीदेखील डॉक्टरांना विचारून घेण्याची वस्तू ठरते. गर्भारपणात तर हे औषध वर्ज्यच, कारण पुरुषगर्भाच्या वाढीवर त्याचा विपरीत परिणाम होण्याचा धोका असतो. लग्नाच्या तयारीत सुरू झालेले औषध लग्नानंतरही चालूच राहिले, तर ही गोष्ट कोणी, कोणाला आणि केव्हा सांगायची?

हिशोबाची शेवटची ओळ विरळ पण भयंकर आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो, आणि ती गुठळी फुप्फुसात पोचली तर मृत्यूही ओढवतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या आकड्यांनुसार गोळी न घेणाऱ्या आणि गर्भवती नसलेल्या दर १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ७, तर ड्रॉस्पिरेनोन असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ आहे. सायप्रोटेरोनयुक्त गोळीचा धोका लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दीडपट ते दुप्पट धरला जातो. म्हणजे, मुरमांसाठी जी द्रव्ये विशेष पसंत केली जातात, त्यांपैकीच काहींचा धोका अधिक आहे. तरीही तो गर्भारपणातील आणि बाळंतपणानंतरच्या गुठळीच्या धोक्यापेक्षा कमीच भरतो, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

या संदर्भात फ्रान्सचे उदाहरण उद्‌बोधक आहे. सायप्रोटेरोन आणि इस्ट्रोजेन यांची ‘डायान ३५’ ही गोळी तेथे १९८७ पासून केवळ मुरमांसाठी मान्य होती. प्रत्यक्षात असंख्य स्त्रिया ती गर्भनिरोधक म्हणून घेत होत्या. या गोळीशी संबंध जोडता येईल असे गुठळीचे ४ मृत्यू सव्वीस वर्षांत झाल्याचे जाहीर करून तेथील औषध नियामकाने जानेवारी २०१३ मध्ये तिची विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. युरोपीय संस्थेने त्याच वर्षी फेरविचार करून सांगितले की, मलमे आणि प्रतिजैविके निष्प्रभ ठरलेल्या, मध्यम ते तीव्र मुरमांच्या स्त्रियांसाठी ही गोळी धोक्यापेक्षा अधिक हितकारक आहे. मात्र तिच्यासोबत दुसरे संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक घेऊ नये. २०१४ च्या जानेवारीत ती पुन्हा फ्रान्सच्या बाजारात आली. या घटनेचा बोध ‘गोळी घातक’ असाही नाही आणि ‘गोळी निर्दोष’ असाही नाही. औषध ज्यासाठी दिले जाते आणि ज्यासाठी घेतले जाते, त्यांत अंतर पडले की धोका मोजणारा कोणी उरत नाही, हा तो बोध आहे.

मनावरील परिणामांची कथा आणखी निराळी. गोळी सुरू केल्यापासून रडू येते, चिडचिड होते, कशातच लक्ष लागत नाही, असे सांगणाऱ्या स्त्रीला ‘मनाचे खेळ’ हे उत्तर ठरलेले. डेन्मार्कमध्ये १० लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके घेणाऱ्यांत नैराश्यावरील औषधे प्रथमच सुरू होण्याचे प्रमाण अधिक आढळले; किशोरवयीन मुलींत ते विशेष अधिक होते. अशा अभ्यासाने सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु तक्रार ऐकून घेण्यासाठी आणि टिपून ठेवण्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. आधी मुरूम क्षुल्लक, मग त्यांवरील औषधाचे दुष्परिणामही क्षुल्लक. एकाच स्त्रीची तक्रार अशी दोनदा क्षुद्ररोगांत जमा केली जाते.

माहितीचा हा हक्क स्त्रियांना कोठेही सुखासुखी मिळालेला नाही. १९७० साली अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीच्या सुरक्षिततेची सुनावणी झाली, तेव्हा साक्षीसाठी गोळी घेणाऱ्या स्त्रियांना बोलावलेच नव्हते. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उभे राहून प्रश्न विचारले, कामकाज थांबवले. आणि त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहितीपत्रिका घालण्याचा नियम झाला. आज ती पत्रिका आपल्याकडेही अनेक पाकिटांत सापडते. मात्र ती बारीक टायपात आणि बहुधा इंग्रजीत असते, आणि एकेक पट्टी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती ती पडतही नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. धोक्यांची यादी ऐकून स्त्रिया घाबरतील आणि आवश्यक औषधही सोडतील, असे काही डॉक्टर म्हणतात. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये काही गोळ्यांच्या गुठळीविषयी इशारा देण्यात आला. तेव्हा अनेक स्त्रियांनी गोळी एकाएकी सोडली आणि पुढील वर्षी तेथे गर्भपातांची संख्या वाढली, हा इतिहास आहे. परंतु त्या गोंधळाचे कारण माहिती दिली हे नसून ती अर्धवट दिली हे होते. ‘धोका दुप्पट झाला’ असे म्हटले की थरकाप होतो. दहा हजारांत किती जणी, याचा आकडा सांगितला की विचार करता येतो. ज्या समाजात मुलींना गणित शिकवले जाते, त्या समाजाने त्यांना हा आकडा पेलणार नाही असे गृहीत धरणे अपमानास्पद आहे.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे, ती लाजेची. अविवाहित मुलीच्या पर्समध्ये गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी सापडली, तर ती मुरमांसाठी आहे यावर किती घरांत विश्वास बसेल? म्हणून गोळी लपवली जाते. लपवलेल्या गोळीविषयी दुसऱ्या डॉक्टरलाही सांगितले जात नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने गोळीची गर्भनिरोधक शक्ती क्षीण होते. डोळ्यांपुढे काजवे चमकून उठणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेनयुक्त गोळी टाळावी लागते. घरात कोणाला लहान वयात गुठळी झाली असेल तर ते सांगणे आवश्यक असते. लपवाछपवीत या साऱ्या गोष्टी राहून जातात. दुसरीकडे, मैत्रिणीला गुण आला म्हणून तीच पट्टी दुकानातून मागून घेतली जाते. वेष्टनावरची लाल उभी रेघ चिठ्ठीविना विक्री नको असे बजावत असते. गल्ल्यावर तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. चेहऱ्यावर सर्रास फासल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांनी असंख्य चेहरे बिघडवल्यावर २०१८ साली ती चिठ्ठीच्या बंधनात आणावी लागली. नियम अपघातानंतर येतो, आणि आल्यावरही दुकानाच्या पायरीशी थांबतो, हा अनुभव नवा नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रक्तदाब मोजणे आणि अर्धशिशी, धूम्रपान, गुठळीचा पूर्वेतिहास, मूत्रपिंड, गर्भधारणेचा विचार, इतर औषधे यांविषयी विचारणे, याला पाच-सात मिनिटे लागतात. गुण यायला तीन ते सहा महिने लागतील आणि औषध थांबवल्यावर मुरूम परतू शकतील, हे सांगायला एक मिनिट पुरते. एका पायाला सूज आणि वेदना, अचानक धाप, छातीत कळ, कधी नव्हे अशी तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीत बिघाड झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, ही सूचना मराठीत छापलेल्या एका चिटोऱ्यावर मावते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी राष्ट्रीय योजना देशात २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि दवाखान्यांच्या भिंतींवर हा क्रमांक ठळक अक्षरांत लागला, तर तो ‘मनाचा खेळ’ निदान नोंदवहीत तरी येईल.

चेहरा नितळ व्हावा ही इच्छा क्षुद्र नाही आणि त्यासाठी औषध घेणे हा अपराध नाही. गोळी घेणारी स्त्री आपल्या देहाचा एक व्यवहार करीत असते: काही मिळवण्यासाठी काही पत्करण्याचा. तो करावा की न करावा, हे तिने ठरवायचे आहे. किंमत आधी सांगणे, एवढेच तिच्या डॉक्टरने, औषधविक्रेत्याने आणि घराने करायचे आहे. बाजारात दोन रुपयांची कोथिंबीरही भाव विचारल्याशिवाय कोणी घेत नाही. मग हीच खरेदी तेवढी डोळे मिटून का व्हावी?